सुलभा देशपांडे : शाळेच्या सभागृहातून पडद्यापर्यंत

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या, की कोणत्याही शाळेत एक प्रसंग ठरल्यासारखा घडतो. नाटकातील कामांची वाटणी फलकावर लागते आणि दुसऱ्याच दिवशी एखादी आई किंवा एखादे वडील कार्यालयाच्या दारात उभे राहतात. त्यांची तक्रार सौम्य शब्दांत असते, पण ती खोलवरून आलेली असते. ‘आमच्या मुलीला दोनच वाक्ये दिली आहेत. तिचे पाठांतर उत्तम आहे. मुख्य काम नाही, तर नाही. पण निदान थोडे मोठे काम तरी?’ बाई समजूत काढतात, पालक मान डोलावून जातात, आणि मुलगी मात्र त्या दिवसापासून आपल्या दोन वाक्यांकडे कमीपणाने पाहू लागते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या गौरवाची अनेक भाषणे होतील. गुणवत्ता यादीत झळकलेल्यांची नावे घेतली जातील, आणि ती घेतलीच पाहिजेत. आजचे व्याख्यान मात्र त्या दोन वाक्यांच्या मुलीसाठी आहे. त्यासाठी निवडलेले नाव आहे सुलभा देशपांडे यांचे. हिंदी-मराठी चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर ज्यांनी कितीतरी वर्षे आई, सासू, मावशी, आजी अशी कामे केली, ज्यांचा चेहरा पाहताच प्रेक्षक ‘अरे, या तर आपल्याच’ असे म्हणतो, अशा त्या चरित्र अभिनेत्री. शाळेच्या महोत्सवात त्यांचे नाव घेण्यास तीन कारणे आहेत. त्या मुळात शिक्षिका होत्या. त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका एका शिक्षिकेची होती. आणि ज्या नाट्यचळवळीचा त्या आधारस्तंभ होत्या, ती चळवळ एका शाळेच्या सभागृहात वाढली.

प्रथम ‘चरित्र अभिनेता’ या शब्दाविषयी. नायक-नायिकेभोवती जी माणसे उभी असतात, त्यांना आपल्याकडे हे नाव आहे. कथेला घर असते, गल्ली असते, शेजार असतो, न्यायालय असते, शाळा असते. ही सारी ठिकाणे माणसांनी भरावी लागतात. नायिकेच्या आईचे काम करणारी बाई खोटी वाटली, तर नायिकेचे घर खोटे ठरते आणि मग तिचे दुःखही खोटे ठरते. म्हणून हे काम दुय्यम असले तरी भार वाहणारे असते. घराच्या तुळईकडे कोणी मान वर करून पाहत नाही, पण छप्पर तिच्यावरच असते. मराठी मातीने असे कलावंत हिंदी पडद्याला मोठ्या संख्येने दिले. ललिता पवारांनी चित्रपटात खाष्ट सासू गाजवली आणि रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत मंथरा होऊन त्या घराघरांत पोहोचल्या. सुलोचनादीदींची आई, निळू फुले यांचा सरपंच, सदाशिव अमरापूरकरांचा खलनायक ही त्याच परंपरेतील नावे. सुलभाताईंचे स्थान या मालिकेत आहे, पण त्यांची वाट थोडी निराळी आहे; कारण ती वाट वर्गाच्या दारातून निघते.

सुलभाताईंचा जन्म १९३७ सालचा, मुंबईतला. माहेरचे आडनाव कामेरकर. वडील वसंतराव कामेरकर हे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या एचएमव्ही कंपनीत होते. त्यामुळे सूर आणि शब्द घरात वावरत होते. फोर्टमधील सिद्धार्थ महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्या दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका झाल्या. शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की वर्ग हा सर्वांत कठोर प्रेक्षक असतो. तिकीट काढून आलेला माणूस सभ्यपणाने कंटाळा लपवतो. सातवीचा वर्ग लपवत नाही. आवाज कोठे चढवावा, कोठे क्षणभर थांबावे, मागच्या बाकावरचा मुलगा ऐकतो आहे की नाही हे बोलता बोलता कसे ओळखावे, हे शिक्षण शिक्षकाला रोज मिळते. सुलभाताईंच्या अभिनयातील सहजता केवळ शाळेने दिली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु समोरच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलणे हा जो त्यांचा विशेष, तो वर्गात उभे राहिलेल्या माणसाला परका नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

१९६० च्या सुमारास मुंबईत ‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी राहिली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, डॉ. श्रीराम लागू अशी मंडळी तिच्याशी जोडलेली होती. सुलभाताई तेथे ‘मधल्या भिंती’, ‘ससा आणि कासव’ यांसारख्या नाटकांतून काम करू लागल्या. अरविंद देशपांडे हे त्यांचे पती. दिवसभर आपापले काम आणि संध्याकाळी तालीम, असा या हौशी पण कमालीच्या गंभीर मंडळींचा दिनक्रम असे.

१९६७ साली ‘रंगायन’ने तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभाताई. नाटकाचे कथानक येथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे. एक हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी एका गावात येते. वेळ जावा म्हणून खोटा खोटा खटला चालवायचे ठरते आणि आरोपी म्हणून मिस बेणारे या शिक्षिकेला उभे केले जाते. खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड करू लागतो. बेणारे अविवाहित आहे आणि गरोदर आहे. ज्या प्राध्यापकामुळे तिच्यावर ही वेळ आली, तो तेथे नाही. आरोपी ती एकटीच. तिच्या कामाविषयी, तिच्या वर्गाविषयी, तिच्यावर जीव टाकणाऱ्या मुलांविषयी त्या न्यायालयात कोणाला काही विचारावेसे वाटत नाही. तिची नोकरी जाणार, हेही तिला तेथेच कळते.

शाळेच्या महोत्सवात हे नाटक आठवावे की नाही, असा विचार कोणाच्या मनात येईल. ते आठवलेच पाहिजे. शिक्षिकेच्या शिकवण्यापेक्षा तिच्या खासगी आयुष्याची चौकशी करण्यात समाजाला किती रस असतो, हे या नाटकाने जेवढ्या धारदारपणे दाखवले, तेवढे फार थोड्या मराठी कृतींनी दाखवले असेल. आणि ते ज्या बाईंनी उभे केले, त्या स्वतः खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या होत्या. बेणारेचे नाटकाच्या अखेरीचे दीर्घ स्वगत मराठी अभिनेत्रींसाठी आजही कसोटीचे मानले जाते. नाटक पुढे अनेक भारतीय भाषांत गेले. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा मराठी चित्रपट केला. गोविंद निहलानी यांचे छायाचित्रण लाभलेल्या त्या चित्रपटात बेणारे पुन्हा सुलभाताईच झाल्या, आणि अशा रीतीने त्यांचा चित्रपटप्रवेश झाला. म्हणजे ज्यांची पडद्यावरील ओळख पुढे चरित्र अभिनेत्री म्हणून झाली, त्यांचे पहिले पाऊल मुख्य भूमिकेचे होते. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठे काम पेलता येत नाही म्हणून त्या लहान कामांकडे वळल्या नाहीत. मोठे काम पेलून झाल्यावरही त्यांनी लहान काम लहान मानले नाही.

त्याच १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे यांच्यासह ‘आविष्कार’ ही संस्था स्थापन केली. प्रायोगिक नाटकांची कायमची अडचण म्हणजे जागा. मोठ्या नाट्यगृहाचे भाडे परवडत नाही, आणि मोठे नाट्यगृह भरेल एवढा प्रेक्षकही नसतो. त्या अडचणीतून वाट निघाली ती दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाची. १९७४ पासून तेथे प्रयोग होऊ लागले. दिवसा जेथे प्रार्थना आणि परीक्षा, तेथे संध्याकाळी नाटक. ‘आविष्कार’ने ती जागा आपल्यापुरती ठेवली नाही, इतर संस्थांनाही ती खुली राहिली. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर, जयदेव हट्टंगडी अशा दिग्दर्शकांचे काम मुंबईकरांनी या चळवळीत जवळून पाहिले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या साऱ्याला ‘छबिलदास चळवळ’ असे नाव पडले. एका चळवळीला एखाद्या नाटककाराचे किंवा पुढाऱ्याचे नाव न मिळता शाळेचे नाव मिळावे, हा मान अन्य कोणत्या मराठी शाळेच्या वाट्याला आला असेल?

येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या शाळेने काय दिले? पैसा दिला नाही, पारितोषिके दिली नाहीत. संध्याकाळी बंद राहणारे एक सभागृह उघडे ठेवले. एवढ्या एका गोष्टीने भाषेच्या इतिहासात शाळेची नोंद झाली.

आता पडद्याकडे वळू. १९७७ साली श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ आला. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात स्मिता पाटील नायिका होत्या आणि तिच्या आईचे काम सुलभाताईंनी केले. ही आई गोड बोलणारी, डोळ्यांत पाणी आणणारी ठरीव आई नाही. मुलीच्या वाटेविषयी तिच्या मनात राग आहे, भीती आहे, आणि त्या दोहोंच्या तळाशी स्वतःच्या आयुष्याचा अनुभव आहे. त्याच वर्षी डॉ. जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ आला, त्यातही सुलभाताई होत्या. पाठोपाठ सईद मिर्झा यांचे ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ आणि ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ हे चित्रपट आले. त्या काळच्या समांतर चित्रपटाला ज्या माणसांची गरज होती, ती रंगमंचावर घडलेली, चेहऱ्याला रंग न लावता खरी दिसणारी माणसे होती. छबिलदासच्या सभागृहात प्रेक्षक इतका जवळ असे, की पापणी लवली तरी दिसावी. तेथे ज्याला खोटेपणा टाळता आला, त्याला कॅमेऱ्याची भीती उरत नाही.

१९९१ साली ‘चौकट राजा’ आला. दिलीप प्रभावळकर यांचा नंदू मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमचा घर करून राहिला. बालपणीच्या अपघाताने ज्याची बुद्धी लहान मुलासारखीच राहिली, असा हा मोठा झालेला मुलगा. त्या मुलाची आई सुलभाताई आहेत. अशा मुलाच्या आईचे काम करताना रडण्याचा मोह कोणत्याही अभिनेत्रीला होईल. परंतु अशा आया रोज रडत नाहीत. त्यांना रोज स्वयंपाक करायचा असतो, मुलाला आंघोळ घालायची असते, शेजाऱ्यांच्या नजरा सोसायच्या असतात. सुलभाताईंनी त्या आईचा थकवा दाखवला आणि तिची कणखरताही. विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत सामावून घेण्याची चर्चा आज सर्वत्र होते. त्या चर्चेआधी कितीतरी वर्षे, या चित्रपटाने मराठी घरांना अशा मुलाकडे आणि त्याच्या आईकडे नीट पाहायला शिकवले.

दूरचित्रवाणीवर ‘तनहा’, ‘बदलते रिश्ते’, ‘एक पॅकेट उम्मीद’ अशा मालिकांतून त्या दिसत राहिल्या. मालिकेचे काम निराळे असते. तेथे महिना-दीड महिन्याच्या तालमी नसतात. संवाद ऐनवेळी हाती येतात, आणि तरी रोज त्याच माणसाचे काम त्याच विश्वासाने करायचे असते. रंगभूमीवरील कलावंत या कामाला कधी कधी नाक मुरडतात. सुलभाताईंनी तसे केले नाही, आणि मालिकांच्या गर्दीत रंगभूमीही सोडली नाही.

३ जानेवारी १९८७ रोजी अरविंद देशपांडे यांचे निधन झाले. संसारातील आणि रंगभूमीवरील साथ एकाच दिवशी सुटली. १९८७ हेच वर्ष त्यांच्या संगीत नाटक अकादमी पुरस्काराचे. ज्या वर्षी देशाने त्यांच्या अभिनयाचा गौरव केला, त्याच वर्षी तो गौरव ज्याला प्रथम सांगावा, तो माणूस नव्हता. अशा वेळी संस्था बंद पडतात. ‘आविष्कार’ बंद पडली नाही. अरुण काकडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह सुलभाताई उभ्या राहिल्या, आणि अरविंद देशपांडे यांच्या स्मरणार्थ दरवर्षी नाट्यमहोत्सव होऊ लागला.

परंतु शाळेच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम वेगळेच आहे. ‘आविष्कार’मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘चंद्रशाला’ हा विभाग सुरू केला. शाळेतील नोकरी सुटली तरी त्यांच्यातील शिक्षिका सुटली नव्हती, याचा हा पुरावा. ‘चंद्रशाले’चे ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी केले. हट्टी, आळशी दुर्गेची समंजस गौरी कशी होते, याची ती गोष्ट. त्यात मुले एकदोन नसतात, मोठा ताफाच असतो. एक दुर्गा आणि तिच्याभोवती कितीतरी मुले. त्या प्रत्येकाला वेळेवर यावे लागते, आपली जागा ओळखावी लागते, शेजारच्याचा तोल सांभाळावा लागतो. पुढे त्यांतील बहुतेक मुले अभिनयाच्या क्षेत्रात गेली नसतील, आणि त्याची गरजही नव्हती. त्यांनी एकत्र उभे राहणे शिकले, तेवढे पुरे होते. १९७८ साली बाल चित्र समितीसाठी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ या बालचित्रपटाचे दिग्दर्शनही सुलभाताईंनी केले. नावातच सांगितले आहे की राजा-राणीलाही घाम हवा असतो. कष्टाचे मोल मुलांना सांगण्याची ही किती खेळकर रीत!

आता शेवटच्या टप्प्याकडे. २०१२ साली गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ प्रदर्शित झाला. पुण्यातील शशी गोडबोले, लाडू उत्तम करणारी गृहिणी. इंग्रजी येत नाही म्हणून नवरा थट्टा करतो, मुलगी ओशाळते. श्रीदेवी यांनी साकारलेली ही शशी साऱ्या देशाने पाहिली. तिच्या घरात तिच्या बाजूची एक व्यक्ती आहे, ती म्हणजे तिची सासू. आणि ती सासू आहेत सुलभाताई. हिंदी पडद्यावरील सासूने सुनेचा छळ करायचा, हा रिवाज. ही सासू मात्र सुनेला समजून घेते. काम लहान आहे. पण त्या घरात ती म्हातारी नसती, तर शशीचे एकटेपण सोसवले नसते.

मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रत्येकाला हा चित्रपट आतून कळतो. या शाळेचे माजी विद्यार्थी आज कोठे कोठे आहेत! कोणी पुण्यात, कोणी परदेशात, कोणी थेट चंडीगडच्या आयटी पार्कमध्ये. शहराच्या पूर्व कडेच्या त्या काचेच्या इमारतींत दिवसभर इंग्रजीत बैठका चालतात, बाहेर पंजाबी आणि हिंदी ऐकू येते, आणि मराठी शब्द कानावर पडतो तो रात्री घरी फोन केला की. अशा मुलाने नोकरीच्या पहिल्या वर्षी बैठकीत तोंड उघडण्यापूर्वी मनात वाक्य तीनदा जुळवून पाहिले असेल. शशीची धडधड त्याच्या ओळखीची आहे. त्याला धीर देणारे घरात कोणी होते का, हा खरा प्रश्न. ज्याच्या मागे अशी एक सासू, एक आजी, एक बाई उभी असते, तो भाषेला भीत नाही. नवी भाषा शिकतो आणि जुनी टाकत नाही. पालकहो, मराठी माध्यमाच्या शाळेविषयी जी चिंता आपल्या घरोघरी बोलली जाते, तिचे अर्धे उत्तर शाळेकडे आहे आणि अर्धे त्या घरातल्या माणसाकडे.

२०१० साली सुलभाताईंना ‘तन्वीर सन्मान’ मिळाला. ४ जून २०१६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘इंग्लिश विंग्लिश’ पाहिलेल्या अनेक तरुणांना ‘ती सासू’ आठवली; जुन्या मंडळींना बेणारे आठवली; आणि ज्यांनी बालपणी ‘चंद्रशाले’त तालमी केल्या होत्या, त्यांना आपल्या बाई आठवल्या. एकाच व्यक्तीची ही तीन स्मरणे. त्यांतील तिसरे कोणत्याही श्रेयनामावलीत छापलेले नसते, पण शिक्षकाच्या वाट्याला येणारे सर्वांत मोठे पारितोषिक तेच.

या साऱ्यातून साठ वर्षांच्या शाळेने काय घ्यावे? पहिली गोष्ट सभागृहाची. शाळा सुटल्यावर सभागृहाला कुलूप लागते. वीज, पहारेकरी, स्वच्छता, या अडचणी खऱ्या आहेत. त्या छबिलदासलाही असणारच. हीरक महोत्सवाची देणगी देताना माजी विद्यार्थ्यांनी भिंतीवरील संगमरवरी पाटीपेक्षा त्या दिव्यांचा आणि पहारेकऱ्याचा विचार करावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी जरी ते दार उघडे राहिले, तरी मुलांचे नाटक, गाणे, वाचन यांना घर मिळेल. दुसरी गोष्ट शिक्षकांची. ज्या बाईंना नाटक येते, ज्या सरांना तबला येतो, त्यांचे ते येणे हे शाळेचे भांडवल आहे. तासांच्या वेळापत्रकात त्याला जागा हवी.

तिसरी गोष्ट पालकांची, आणि ती त्या दोन वाक्यांच्या मुलीकडे परत नेणारी. पुढच्या स्नेहसंमेलनात तिला पुन्हा दोनच वाक्ये मिळतील, असे होऊ शकते. त्या दिवशी घरी तिला ‘फक्त दोनच?’ असे विचारू नये. ‘त्या वेळी तू कोठे उभी असतेस? तुझ्याशी कोण बोलते? तू गेलीस तर गोष्टीचे काय होईल?’ असे विचारावे. तिला उत्तर सापडले, तर तिला आपले काम सापडले. मग ती दोन वाक्ये अशी म्हणेल, की शेवटच्या रांगेत बसलेल्या आजोबांनाही ती स्पष्ट ऐकू येतील.